घरी येऊन केमोपोर्टची सुई आणि ड्रेसिंग : नागपुरातील एका गृहशुश्रूषा सेवेचे परीक्षण

केमोपोर्ट (केमोथेरपीची औषधे देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली डबी) बसवलेल्या रुग्णाच्या घरी येऊन सुई लावणे, सुई काढणे, पोर्ट फ्लश करणे म्हणजे त्यात सलाईन सोडून तो मोकळा ठेवणे आणि ड्रेसिंग बदलणे ही कामे करून देणाऱ्या नागपुरातील एका संस्थेची सेवा माझ्या वहिनी गेल्या उन्हाळ्यापासून घेत आहेत. मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले असल्यामुळे परिचारिका येणार असली की वहिनी मला बोलावून घेतात, आणि त्यामुळे हे काम मला अगदी जवळून, जुन्या सवयीच्या नजरेने पाहता आले. संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. अशा सेवेत पाटी तीच राहते, पण दारात येणारी व्यक्ती बदलली की सेवेचा दर्जाही बदलतो, आणि नाव वाचून निश्चिंत होण्यापेक्षा नेमके काय पाहायचे हे वाचकाला कळणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच सांगते : नियमित परिचारिका मिळणार असेल तर ही सेवा अवश्य घ्यावी, बदली परिचारिका येणार असेल तर घरातल्या एका जाणत्या माणसाने शेजारी उभे राहावे.

वहिनींचा आजार मोठ्या आतड्याचा. त्यांच्या केमोथेरपीत एक औषध लहान पंपातून सलग ४६ तास शरीरात जात राहते, त्यामुळे रुग्णालयात सुई लावून पंप जोडला की रुग्णाला घरी पाठवतात आणि पंप रिकामा झाल्यावर तो काढण्यासाठी पुन्हा बोलावतात. जामठा, तुकडोजी पुतळा चौक, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा धंतोली-रामदासपेठ यांपैकी कोठेही उपचार चालू असले, तरी मे महिन्यात भर दुपारी केवळ सुई काढण्यासाठी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे अशक्त रुग्णाला परवडत नाही. शिवाय केमोथेरपी संपल्यावरही पोर्ट काही काळ ठेवतात आणि तो बंद पडू नये म्हणून ठरावीक अंतराने त्यात सुई लावून सलाईन सोडावे लागते. पूर्वी हे सर्रास दर ४ आठवड्यांनी करीत. आता अनेक ठिकाणी डॉक्टर हे अंतर ३ महिन्यांपर्यंत वाढवतात. या दोन्ही गरजांसाठी घरपोच सेवेला खरा अर्थ आहे.

पोर्ट म्हणजे कॉलरच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवलेली टायटॅनियमची किंवा कठीण प्लास्टिकची लहानशी डबी. तिच्या वरच्या बाजूला सिलिकॉनचा जाड पडदा असतो आणि डबीतून निघालेली नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी असलेल्या महाशिरेपर्यंत पोचलेली असते. सुई लावलेली नसताना, जखम भरून आल्यावर, या जागेला ड्रेसिंग लागत नाही, कारण अखंड त्वचा हेच तिचे सर्वांत चांगले आवरण असते. सुई आत गेली की मात्र त्वचेवरील जंतूंना थेट रक्तप्रवाहाचा रस्ता मिळतो, आणि तोही अशा रुग्णाच्या शरीरात, ज्याच्या पांढऱ्या पेशी औषधांमुळे आधीच कमी झालेल्या असतात. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकससारखे जंतू पोर्टच्या नळीवर चिकट थर करून बसले की प्रतिजैविके त्या थरात नीट शिरत नाहीत आणि बऱ्याचदा अख्खा पोर्ट काढून टाकावा लागतो. म्हणून या सेवेचे मोल परिचारिकेच्या गोड बोलण्यावर किंवा वेळेवर येण्यावर मोजता येत नाही. ती कशाला हात लावते आणि कशाला लावत नाही, एवढेच पाहायचे असते.

आमच्याकडे नियमितपणे येणारी परिचारिका तरुण आहे आणि तिने पहिल्याच भेटीत माझे मन जिंकले ते कूलरमुळे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी डेझर्ट कूलर अखंड चालतो. हा कूलर बाहेरची हवा ओल्या ताटव्यांमधून ओढून जोराने खोलीत फेकतो. तिच्याबरोबर रस्त्यावरची धूळ येते, टाकीत साचलेल्या पाण्याचे तुषार येतात, आणि रुग्णाला गारवा मिळावा म्हणून झोत नेमका पलंगावर वळवलेला असतो. त्या झोतात निर्जंतुक कापड पसरणे म्हणजे ते उघडण्याआधीच वाया घालवणे होय. तिने पिशवी उघडण्यापूर्वीच सांगितले, "काकू, थोडा वेळ कूलर अन् पंखा दोन्ही बंद ठेवा लागते. दार पण लावून घ्या." हवा स्थिर झाल्यावर तिने जेवणाच्या टेबलाची एक बाजू अल्कोहोलने पुसली, स्वतःच्या कपाळावरचा घाम टिपला, टोपी आणि मास्क बांधला आणि मगच हात धुवायला गेली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण हात धुतल्यानंतर कपाळाला हात लागला तर धुणे व्यर्थ. संस्थेच्या छापील सूचनापत्रात रुग्णाने सैल गळ्याचे कपडे घालावेत, पाळीव प्राणी खोलीबाहेर ठेवावेत, असे सगळे आहे. कूलरचा उल्लेख मात्र कोठेही नाही. नागपुरातल्या संस्थेने ती ओळ पहिल्या क्रमांकावर छापली पाहिजे.

साबणाने हात धुण्यास ती ४० ते ६० सेकंद देते, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरत नाही, आणि नळ कोपराने बंद करता येत नाही म्हणून कागदी रुमालाने बंद करते. त्यानंतर साधे हातमोजे घालून ती पोर्टची जागा चाचपते, त्वचा लाल झाली आहे का, सूज किंवा दुखरेपणा आहे का हे पाहते, डबीच्या कडा बोटांनी ठरवून घेते. मग ते हातमोजे काढून, अल्कोहोलने हात चोळून, निर्जंतुक हातमोजे घालते. हे दोन जोड वेगळे असणे फार आवश्यक आहे. एकाच जोडीत चाचपणे, जुने ड्रेसिंग काढणे आणि सुई लावणे उरकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि हातमोजे नुकतेच पाकिटातून काढले आहेत, एवढ्यावरच त्यांचा सारा भरवसा असतो.

त्वचा स्वच्छ करण्यासाठी संस्था २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे मिश्रण वापरते, जे आज बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीचे मानले जाते. हे द्रावण मागे-पुढे घासत ३० सेकंद लावायचे आणि नंतर निदान ३० सेकंद आपोआप वाळू द्यायचे. ज्यांना क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी पोव्हिडोन आयोडिन आहे, पण त्याला सुमारे २ मिनिटे थांबावे लागते. वाळण्याचा हा काळ अनेकांना रिकामा वेळ वाटतो; वास्तविक जंतू मरतात ते त्याच वेळात. आमची परिचारिका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत हात छातीच्या उंचीवर धरून उभी राहते, बोलत नाही, फुंकर घालत नाही, आणि वाळलेल्या त्वचेला पुन्हा हात लावते तो केवळ निर्जंतुक हातमोज्यातल्या बोटांनी डबी स्थिर धरण्यासाठी. द्रावण ओले असताना वर ड्रेसिंग चिकटवले तर त्वचा भाजल्यासारखी होते, हेही तिने वहिनींना न विचारता समजावून सांगितले.

सुई लावण्याबद्दल फार लिहीत नाही. या सुईचे टोक किंचित वाकवलेले असते, त्यामुळे ती सिलिकॉनचा तुकडा कापून न काढता त्याला बाजूला सारून आत जाते; साधी सुई वापरली तर पडदा चाळण होऊन गळू लागतो. ह्यूबर सुई म्हणून ती ओळखली जाते, आणि ज्यांचे नाव तिला मिळाले ते राल्फ ह्यूबर हे अमेरिकेतील सिअॅटलचे दंतवैद्य होते, हे मला स्वतःला नोकरीत असताना फार उशिरा कळले. सुई ९० अंशांत सरळ आत जाऊन तळाला टेकल्याचे बोटांना जाणवते, मग रक्त मागे येते का हे पाहायचे आणि १० मिली सलाईन थांबत-थांबत, लहान-लहान धक्क्यांनी सोडायचे. सिरिंज १० मिलीपेक्षा लहान वापरायची नाही, कारण लहान सिरिंजमधून निर्माण होणारा दाब नळी फाडू शकतो. हे सारे तिने व्यवस्थित केले.

या सेवेबद्दल मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते एका भेटीत घडले. त्वचा वाळली होती, सुईवरचे टोपण काढले होते, आणि नेमक्या त्या क्षणी वहिनींना जोराचा खोकला आला. त्यांचा हात नकळत वर गेला आणि बोटे निर्जंतुक कापडाच्या कडेला लागून सुईच्या पंखांना स्पर्शून गेली. सुईचे टोक कशाला लागले नव्हते. घरातले सगळे एका सुरात "चालते जी, काही होत नाही" असे म्हणाले. परिचारिकेने सुई डब्यात टाकली, कापड गुंडाळले, हातमोजे काढले, वहिनींना पाणी दिले आणि पिशवीतून निर्जंतुक साहित्याचा दुसरा संच काढून हात धुण्यापासून सगळे नव्याने केले. तिने त्याचा गाजावाजा केला नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. नंतर बिलात मी दुसरा संच शोधला. तो लावलेला नव्हता. कार्यालयात विचारले तेव्हा कळले की प्रत्येक परिचारिकेजवळ एक जादा संच असतोच आणि भेटीदरम्यान साहित्य दूषित झाले तर त्याचा खर्च संस्था सोसते.

माझ्या दृष्टीने या संस्थेची सर्वांत मोलाची गोष्ट हीच. निर्जंतुक पद्धत हातून कधीतरी मोडणारच. घरात लहान मुले असतात, रुग्ण हलतो, पलंग मऊ असतो. मोडल्यावर पुन्हा सुरुवात करण्याची मुभा परिचारिकेला आहे का, हा खरा प्रश्न असतो. जेथे दुसऱ्या सुईचे पैसे रुग्णाच्या माथी मारले जातात किंवा परिचारिकेच्या पगारातून कापले जातात, तेथे सगळ्यांचाच कल "चालते" म्हणण्याकडे होतो, आणि त्यात कोणाचा स्वभाव वाईट असण्याची गरज नसते. सेवा ठरवताना फोनवर दराच्या आधी हा एक प्रश्न विचारावा.

आता संचाविषयी. दुहेरी वेष्टण, छिद्राचे कापड, गॉज, पारदर्शक ड्रेसिंग आणि द्रावण लावायचा, एकदाच वापरायचा बोळा या गोष्टी चांगल्या प्रतीच्या आहेत. मात्र संचात मास्क एकच असतो. परिचारिकेबरोबर रुग्णानेही मास्क लावला पाहिजे किंवा निदान तोंड विरुद्ध बाजूला वळवले पाहिजे, कारण पोर्ट तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. खोकल्याचा तो प्रसंग आठवला म्हणजे ही उणीव किरकोळ वाटत नाही. आम्ही आता मास्कचे खोके घरात ठेवले आहे. दुसरी तक्रार हातमोज्यांची. संचात ते साडेसात मापाचे असतात आणि आमच्या परिचारिकेचा हात साडेसहाचा आहे. बोटांच्या टोकाशी रबराची सैल घडी राहिली की डबीची कड नीट कळत नाही आणि ती घडी नको तेथे लागते. ती स्वतःच्या मापाचे वेगळे पाकीट आणते, पण ते तिच्या पदरचे असू नये. सुईच्या लांबीचाही विचार नोंदणीच्या वेळीच व्हायला हवा. पाऊण इंची सुई सडपातळ रुग्णाला पुरते, अंगाने भरलेल्या रुग्णाला एक इंच किंवा अधिक लागते. आखूड सुई तळाला पोचत नाही आणि लांब सुई त्वचेवर उंच राहून हालचालीबरोबर डुलते. संस्था हे विचारत नाही, परिचारिका दोन्ही लांबीच्या सुया बाळगून वेळ निभावते.

हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या बाबतीत मात्र संस्थेचा काटेकोरपणा वाखाणण्यासारखा आहे. सुई काढण्याआधी पोर्टमध्ये भरून ठेवण्यासाठी अनेक डॉक्टर एका मिलीत १०० युनिट असे सौम्य हेपॅरिन लिहून देतात, काही ठिकाणी केवळ सलाईनवर भागवतात. औषधाच्या दुकानात मात्र ५ मिलीच्या कुपीत २५,००० युनिट असलेले हेपॅरिनही मिळते, म्हणजे त्याच्या एका मिलीत ५,००० युनिट, ठरलेल्या तीव्रतेच्या ५० पट. कुपीचा आकार पाहून गफलत होणे अवघड नाही. आमची परिचारिका कुपीवरचा मजकूर मोठ्याने वाचते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहते आणि घरातल्या एकाला दाखवते. कुपी नवीन फोडते आणि उरलेले औषध टाकून देते. एका रुग्णाकडची अर्धी कुपी दुसऱ्याकडे नेण्याची काटकसर येथे होत नाही. चिठ्ठी नसेल तर सुईलाही हात लावत नाहीत.

ड्रेसिंग हा या सेवेचा कमकुवत भाग आहे, आणि त्यात थोडा दोष हवामानाचा असला तरी सगळा नाही. पारदर्शक ड्रेसिंग स्वच्छ, कोरडे आणि चारही कडांनी चिकटलेले असेल तर ७ दिवसांपर्यंत चालते आणि सुईही ७ दिवसांनी बदलतात. सुईची जागा झाकणारे गॉज असेल तर ते २ दिवसांतच बदलावे लागते, कारण आत काय चालले आहे ते दिसत नाही. कड सुटली, आत घाम साचला किंवा रक्ताने भिजले, तर दिवस न मोजता लगेच बदलायचे असते. आमच्याकडे पंप जोडलेला असताना, भर उन्हाळ्यात, दुसऱ्याच दिवशी ड्रेसिंगची खालची कड घामाने सुटली. कार्यालयात फोन केला तर पलीकडच्या मुलाने सांगितले की वरून चिकटपट्टी लावून ठेवा, सिस्टर उद्या सकाळी येतील. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा होता. सुटलेल्या कडेवर पट्टी लावल्याने आत गेलेला घाम आणि जंतू तेथेच कोंडले जातात, आणि वरून सगळे ठीक दिसू लागते. मी परिचारिकेच्या वरिष्ठांशी बोलण्याचा आग्रह धरला तेव्हा संध्याकाळपर्यंत माणूस आला आणि काम उत्तम झाले, पण असा आग्रह धरणारे कोणी प्रत्येक घरात नसते. फोन उचलणाऱ्याला एवढे एक वाक्य पाठ असायला हवे की सुटलेले ड्रेसिंग त्याच दिवशी बदलायचे असते. तेव्हापासून परिचारिका ड्रेसिंगच्या आधी त्वचेवर संरक्षक थर देणारा द्रव लावते, तो पूर्ण वाळू देते, आणि कड टिकते.

एकदा नियमित परिचारिका रजेवर असल्याने बदली आली. तिचा हात इतका हलका होता की सुई आत गेल्याचे वहिनींना कळलेही नाही, आणि वहिनींनी तिला शंभर गुण दिले. माझे गुण कमी होते. तिने द्रावण लावल्यावर ते वाळावे म्हणून संचाच्या वेष्टणाने वारा घातला, आणि नंतर खात्रीसाठी जुन्या हातमोज्यातल्या बोटाने डबी पुन्हा चाचपली. मी तेथेच थांबवून पुन्हा स्वच्छ करायला सांगितले. तिने मनात न धरता केले, हे तिच्या बाजूने नोंदवते. सुई न दुखणे आणि सुई निर्जंतुकपणे लागणे यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण रुग्णाला पहिलीच गोष्ट कळते, त्यामुळे अभिप्रायाच्या अर्जावर बहुधा तिचीच स्तुती होत असणार. संस्थेने अभिप्राय मागताना वेदनेबरोबर हातमोजे किती वेळा बदलले आणि वाळायला वेळ दिला का, हेही विचारावे.

सुई काढल्यावरचे काम नीटनेटके आहे. सुई संरक्षक कवचात ओढून घेतली जाते आणि पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते. रक्ताचे गॉज पिवळ्या पिशवीत, सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतील ही विभागणी रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक असते, घरी मात्र ती सहज विसरली जाते आणि सुया महानगरपालिकेच्या कचरागाडीत जातात. येथे सगळा कचरा परिचारिका परत नेते. केमोथेरपीचा पंप वेगळ्या, औषधाचे चिन्ह असलेल्या पिशवीत बंद करून नेते, आणि तो सोडवताना वेगळे हातमोजे वापरते.

भेटीच्या दिवशी सकाळी कार्यालयातून तापमान विचारणारा फोन येतो. वहिनींना एकदा १०१ अंश फॅरनहाइट ताप भरला होता, तेव्हा संस्थेने येण्यास नकार दिला, थेट रुग्णालयात जाण्यास सांगितले आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. घरच्यांना राग आला, मला समाधान वाटले. १००.४ अंशांपुढचा ताप, फ्लश केल्यावर भरणारी हुडहुडी, पोर्टवरची लाली किंवा पू, त्या बाजूचा हात वा मान सुजणे, किंवा सुई बरोबर असूनही रक्त मागे न येणे, यांपैकी काहीही असेल तर ते घरी हाताळण्याचे काम नाही. रक्त येत नसताना जोर लावून सलाईन ढकलणाऱ्या परिचारिकेला तेथेच थांबवावे. रुग्णाला हात वर करायला, कूस बदलायला, खोकायला सांगून पाहणे एवढेच घरी करता येते.

नोंदणी करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. रविवारी या संस्थेचे कार्यालय बंद असते, फोन दुसऱ्या क्रमांकावर वळवलेला असतो, शुल्क जास्त लागते आणि येणारी परिचारिका हमखास बदली असते. ४६ तासांचा पंप शुक्रवारी दुपारी २ वाजता जोडला तर तो रविवारी १२ वाजता संपतो. आम्ही केमोथेरपीची तारीख ठरवतानाच रुग्णालयातील डॉक्टरांना विनंती करून सोमवार किंवा मंगळवार मागून घेतला, आणि त्यांनी तो दिला. पंप बुधवार-गुरुवारी संपतो, नियमित परिचारिका येते, आणि सकाळच्या वेळेची भेट मिळाल्यास कूलर बंद ठेवणेही वहिनींना जड जात नाही.